‘बापाचंच रक्त हाय ते!’

(पत्रलेखिकेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कोल्हापूरच्या एका उपनगरातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई छत्तीस वर्षांच्या. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पाळीवर जातो. घराच्या पुढच्या खोलीत छोटं किराणा दुकान आहे, ते ताई आणि सासूबाई बघतात. धाकटे दीर सात वर्षांपूर्वी हाफ मर्डरच्या केसमध्ये आत गेले, शिक्षा लागली, सध्या कळंबा कारागृहात आहेत. त्यांची बायको त्याआधीच आजारपणात वारली. मागं राहिलेला मुलगा सहा वर्षांचा होता. तो ताईंकडं आला. आता तो तेरा वर्षांचा, सातवीत. ताईंची स्वतःची मुलगी नऊ वर्षांची. ‘वडील मुंबईला कामाला आहेत’ असं मुलाला पहिल्यापासून सांगितलेलं आहे.

इतकी वर्षं तो ‘घरात असून नसल्यासारखा’ होता. गेल्या वर्षभरात दुकानाच्या गल्ल्यातून पैसे जायला लागले. एकदा पाचशेची नोट त्याच्या कंपासपेटीत सापडली. मुलीच्या मातीच्या गल्ल्याला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. दिवाळीनंतर त्यानं वर्गातल्या एका मुलाच्या हातात कर्कटक खुपसलं. का, विचारलं तर गप्प. नवऱ्यानं दोनदा पट्ट्यानं मारलं. आता रोज रात्री त्याचं दप्तर आणि खिसे तपासले जातात. सासूबाई म्हणतात, “बापाचंच रक्त हाय ते, जाणार कुठं? खाण तशी माती.” जूनपासून त्याला लांबच्या निवासी शाळेत टाकावं, असं नवऱ्याचं मत. ताईंचा भाऊ म्हणतो, ओळखीच्या हवालदाराला सांगून एकदा चौकीत बसवू, दम भरू. शेजारी म्हणतात, तालमीत घाला. ताई विचारतात: “हे रक्तातच असेल तर माझ्या मायेचा उपयोग काय? आणि त्याच्याबरोबर माझ्या मुलीला वाढवणं म्हणजे मी तिच्यावर अन्याय करतेय का?”

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानंच उडवली असणार. मुलीवर अन्याय होतोय का? तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी नाही. तो तिला सायकलवरून शाळेत सोडतो, तिच्यावर त्यानं कधी हात उगारलेला नाही, गल्लीतली पोरं तिला चिडवत होती तेव्हा तो मध्ये पडला, हे सगळं तुम्हीच लिहिलंय, आणि पुढच्याच ओळीत पुन्हा त्याच्या खिशांवर आलात. दुकानाचा गल्ला तो फोडतो आणि बहिणीच्या गल्ल्याला हात लावत नाही. कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाही याची रेघ त्यानं मनात ओढलेली आहे. चुकीच्या जागी ओढलीय, पण आहे. दुसऱ्याचं दुखणं ज्याला कळतच नाही अशा मुलांची लक्षणं वेगळी असतात, त्यावर पुढं येते.

आता रक्ताचं.

सासूबाईंचं म्हणणं साफ खोटं आहे असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. ते पूर्ण खोटं नाही. वागणुकीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, यावर अभ्यासकांत आता फारसा वाद उरलेला नाही. जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे ५१ अभ्यास २००२ साली एकत्र तपासले गेले. समाजविघातक वागण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ४० टक्के फरक आनुवंशिक कारणांनी पडतो आणि उरलेला परिस्थितीनं, असा हिशेब निघाला. हा आकडा ऐकला की लोक म्हणतात, म्हणजे पोरगा चाळीस टक्के बापावर गेला. तसा त्याचा अर्थ नाही. तो हिशेब हजारो माणसांमधल्या फरकाचा आहे, एका पोराची त्यात वाटणी करता येत नाही.

एका पोराविषयी अंदाज बांधायचा असेल तर डेन्मार्कचा जुना अभ्यास बघावा. तिथं १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या १४,४२७ मुलामुलींच्या न्यायालयीन नोंदी तपासल्या गेल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या जन्मदात्यांवर किंवा सांभाळणाऱ्यांवर कधीच गुन्हा शाबीत झाला नव्हता, त्या मुलग्यांपैकी १३.५ टक्क्यांवर पुढं गुन्हा शाबीत झाला. जन्मदात्यांना शिक्षा झालेली आणि सांभाळणारे सरळमार्गी, अशा मुलग्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. आणि दोन्हीकडं शिक्षा झालेली असेल तर २४.५. फरक आहे, तो नाकारायचं कारण नाही. हा धागा तिथं चोरी-फसवणुकीच्या गुन्ह्यांत दिसला, मारामारीच्या गुन्ह्यांत दिसला नव्हता. पुढं स्वीडनच्या नोंदींत मारामारीच्या गुन्ह्यांतही तो काही प्रमाणात दिसला. पण तोच २० चा आकडा उलटा वाचून बघा. जन्मदात्याला शिक्षा झालेल्या शंभर मुलग्यांपैकी ऐंशी जणांवर कधीच काही शाबीत झालं नाही. सासूबाई विचारतात ‘जाणार कुठं?’, तर हे ऐंशी जण कुठं गेले ते बघावं. नोकऱ्या केल्या, संसार केले, म्हातारे झाले.

‘गुन्हेगारीचं जनुक’ सापडल्याच्या बातम्या तुमच्याही मोबाइलवर आल्या असतील. त्यामागची गोष्ट अशी. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका घराण्यातले काही पुरुष वारंवार हिंसक का होतात याचा शोध घेताना त्यांच्यात एक जनुक पूर्ण बंद पडलेलं आढळलं. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एन्झाइम त्या जनुकावर अवलंबून असतं; एमएओए त्याचं नाव. असं जनुक पूर्णच बंद असणं अतिशय दुर्मीळ. मंद चालणारी त्याची आवृत्ती मात्र सर्रास असते, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाकडं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा चाललाय. त्यातल्या मुलग्यांवर २००२ मध्ये हे तपासलं गेलं. मंद जनुक असलेला मुलगा लहानपणी मारझोड, हेळसांड सोसून वाढला असेल तर पुढं हिंसक होण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली. आणि तेच जनुक घेऊन जन्मलेला पण नीट वाढवलेला मुलगा? त्याच्यात आणि इतरांत फरक नव्हता. नंतरच्या सगळ्या अभ्यासांचे निकाल एका मापाचे आले नाहीत, पण मुलग्यांच्या बाबतीत एकत्र पडताळणीत हा धागा बऱ्यापैकी टिकला. तुमच्या भागात हे कुणालाही समजेल: बेणं एकच, एका रानात ऊस कमरेएवढा आणि शेजारच्या रानात डोक्याच्या वर.

आणखी एक गंमत. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलग्याला एक्स गुणसूत्र मिळतं ते फक्त आईकडून. म्हणजे या विषयातलं सगळ्यांत बदनाम जनुक बापाकडून मुलाला येऊच शकत नाही. (हे सासूबाईंना सांगू नका. त्या लगेच गेलेल्या जावेच्या माहेरावर घसरतील.)

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय, ताई. शरीरातून आलेलं म्हणजे वंशातून आलेलं, आणि वंशातून आलेलं म्हणजे न बदलणारं. या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो सातव्या महिन्यातच जन्मला, आणि तो पोटात असताना त्याच्या आईला मार बसायचा. हेही शरीरातच उतरतं, पण याला वंश म्हणत नाहीत. बाळंतपणातली गुंतागुंत, पहिल्या वर्षांतलं कुपोषण, डोक्याला बसलेला मोठा मार, शरीरात गेलेलं शिसं, या सगळ्यांचा पुढच्या वागण्याशी संबंध आढळलेला आहे. (घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम चालत असेल तर पोरांना तिकडं फिरकू देऊ नका, हे सगळ्याच वाचकांना सांगते.) आणि शरीरात उतरलेलं बदलतंसुद्धा. मॉरिशसमध्ये, जिथं आपलीही मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, तीन वर्षांची मुलं तपासली गेली. ज्यांच्यात तेव्हा कुपोषणाच्या खुणा होत्या ती आठव्या, अकराव्या आणि सतराव्या वर्षी जास्त आक्रमक आणि त्रासदायक निघाली. पण त्याच बेटावर काही मुलांना तिसऱ्या ते पाचव्या वर्षी दोन वर्षं चांगला आहार, मोकळा व्यायाम आणि नीट बालवाडी दिली. मोठेपणी त्यांच्यात वर्तनाच्या तक्रारी आणि गुन्हे इतरांपेक्षा कमी दिसले. लहानपणी ज्यांचं खाणं अपुरं होतं, त्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला.

तुमचा पुतण्या तिसऱ्या वर्षाच्या पलीकडं गेलाय, मान्य. पण त्याच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. ज्यांचं उपद्रवी वागणं पुढं आयुष्यभर पुरतं त्यांची सुरुवात बहुतेक वेळा फार लवकर होते, बालवाडीत, पहिली-दुसरीत. वयात येताना सुरू झालेला उपद्रव पुष्कळदा वयाबरोबर ओसरतो. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये हा फरक मांडला. तुमचा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला त्याच्या गेल्या वर्षातल्या चोरीपेक्षा ती आधीची गप्प वर्षं जास्त खटकतात.

आता जे सांगते ते थोडं कडू लागेल. दत्तक मुलांच्या अभ्यासात एक चक्र दिसलं आहे. ज्यांच्या जन्मदात्यांचा इतिहास असा होता, ती मुलं अंमळ हट्टी, चिडकी निघतात; मग सांभाळणारे आईबाप त्यांच्याशी जास्त कडक, जास्त तिरसटपणे वागतात; आणि त्या कडकपणानं मुलं आणखी बिघडतात. वंशाचा परिणाम म्हणून जे मोजलं जातं, त्यातला काही भाग असा घरच्या माणसांच्या हातून फिरून येतो. तुमच्या घरात हे चक्र सुरू झालंय. पट्टा निघाला, खिसे तपासणं सुरू झालं, ‘बापाचं रक्त’ हे त्याच्या कानावर पडतंय. सासूबाई हळू बोलत असतील असं मला वाटत नाही.

रोज रात्रीच्या त्या झडतीला आपल्याकडं जुनं नाव आहे, हजेरी. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पाच वर्षांनी इटलीत लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरनं कवटीच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं पुस्तक लिहिलं. त्या काळाची हवाच तशी होती. आपल्या भागातही काही जातीजमातींच्या माणसांना काही केलेलं असो नसो, रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. ज्यांच्याकडं चोर म्हणून बोट दाखवलं जाई त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या कामावर नेमलं. देशातला तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. राजर्षींच्या गावात, एका तेरा वर्षांच्या पोराची त्याच्याच घरात हजेरी घेतली जाते, हे मला फार लागलं.

ती झडती आजपासून बंद करा. म्हणजे गल्ला उघडा ठेवून त्याची परीक्षा बघा असं नाही. गल्ल्याला कुलूप लावा, किल्ली तुमच्या कमरेला, आणि हे सगळ्यांना सारखं लागू, मुलीलासुद्धा. मग पहाऱ्याचं काम त्याला द्या: रात्री दुकान बंद करताना उधारीच्या वहीतल्या बेरजा त्यानं करायच्या, तुमच्या शेजारी बसून. चूक निघाली तर चूक म्हणायचं, संशय घ्यायचा नाही. मुलीला गल्ल्यात टाकायला पैसे मिळतात; त्याला काही मिळतं का, ते पत्रात नाही. मिळत नसेल तर आठवड्याचे ठरावीक द्या, थोडे का होईना. पैसे तो कशावर घालवत होता ते कळलंय का? मोबाइलवरचा गेम, वडापाव, कुणी मोठा मुलगा धमकावून काढून घेत होता? प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

पुन्हा चोरी झाली, आणि एखाद-दुसऱ्या वेळी होईलच, तर त्याच दिवशी, दोन वाक्यांत: “पैसे गेलेत, तू घेतलेस, ते फेडायचे.” मग दुकानात गोण्या लावणं, धान्य निवडणं, जे असेल ते काम ठरलेल्या दरानं करून फेड. ‘चोर’ हा शब्द नाही, बापाचं नाव नाही, शेजाऱ्यांसमोर नाही. फेडून झालं की विषय संपला, दिवाळीला पुन्हा उकरायचा नाही. आणि तो जे नीट करतो ते तोंडानं म्हणायचं, लगेच, नेमकं: “आज तिला पावसातनं नीट आणलंस.” असल्या मुलांच्या बाबतीत शिक्षेपेक्षा शाबासकीचा उपयोग जास्त होतो, हे तपासलेलं आहे. जन्मदात्या आईकडून भावनाशून्यतेचा धोका घेऊन आलेल्या दत्तक मुलांमध्येही, सांभाळणाऱ्या आईच्या शाबासकीनं तो धोका कमी झालेला २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसला. तुमच्या मायेचा उपयोग काय, असं विचारलंत ना? हा तिचा मोजलेला उपयोग.

पट्ट्याबद्दल मालकांशी तुम्हालाच बोलावं लागेल. आईच्या पोटात असल्यापासून मार ऐकत आलेल्या पोराला मारून काय शिकवणार? मोठ्यानं लहानाला दुखवलं की प्रश्न सुटतो, एवढंच तो शिकतो, आणि कर्कटक त्याच्याच हातात होतं.

आता मी ज्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवणार आहे ते तुम्ही एका ओळीत उरकलंय. ‘वडील मुंबईला कामाला आहेत.’ सात वर्षं? सुट्टीला नाही, फोन नाही, गणपतीला नाही? ताई, पोलीस घरी आले त्या रात्री तो सहा वर्षांचा होता आणि घरातच होता, असं तुम्ही लिहिलंय. सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. सगळ्या गल्लीला माहीत आहे, शाळेत अर्ध्या वर्गाला माहीत असणार. त्याला माहीत आहे, त्याला माहीत आहे हे तुम्हालाही आतून माहीत आहे, आणि तरी सगळे मुंबई-मुंबई खेळताय. ज्या घरात सगळ्यांत मोठी गोष्ट बोलता येत नाही तिथं मूल बाकीच्या गोष्टीही बोलत नाही. तुम्ही ‘कर्कटक का खुपसलंस’ विचारलंत तेव्हा तो गप्प का राहिला? मला शंका आहे की त्या मुलानं बापाचं काढलं असेल. तसं असेल तर घरी काय सांगणार तो? ‘तो म्हणाला माझा बाप जेलात आहे’, असं म्हणायला त्याला तुमच्या खोट्यालाच हात घालावा लागला असता. माझी शंका चुकीचीही असेल. वर्गशिक्षकांना एकांतात भेटून त्या दिवशी आधी काय बोलणं झालं ते विचारा. खुपसणं बरोबर होतं असा याचा अर्थ होत नाही. त्या मुलाच्या घरी त्याला घेऊन जाऊन माफी मागायला लावा, तुम्हीही सोबत उभ्या राहा.

खरं सांगायचं काम मालकांनी करावं, कारण तो त्यांचा भाऊ. घरी, सुट्टीच्या दिवशी, मुलगी नसताना. लांबण नको: “तुझे बाबा मुंबईला नाहीत, कळंब्याला जेलमध्ये आहेत. त्यांनी एकाला फार वाईट मारलं, त्याची शिक्षा भोगताहेत. आम्ही तुला खोटं सांगितलं, आम्हाला कसं सांगायचं कळलं नाही. तू काही केलेलं नाहीस. तुला काय विचारायचंय ते आज विचार, उद्या विचार, कधीही विचार.” तो रडेल, किंवा नुसतं ‘माहितीये’ म्हणेल आणि सायकल काढून रंकाळ्याला जाईल. जाऊ द्या, जेवायच्या वेळेपर्यंत. मग काही दिवसांनी विचारा, बाबांना भेटायचंय का? हो म्हणाला तर कारागृहात मुलाकातीचे नियम काय, लहान मुलाला आणायला कोणती कागदपत्रं लागतात, याची चौकशी मालकांनी आधी स्वतः जाऊन करावी, भावाचीही तयारी करावी. नाही म्हणाला तर जबरदस्ती नको, पत्र लिहिता येतं. बापाला राक्षस करू नका आणि बिचाराही करू नका. त्यानं केलं ते वाईट होतं आणि तो तुझा बाप आहे, दोन्ही खरं आहे.

पर्यायांकडं येते.

हवालदाराचा पर्याय आधी रद्द करा. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात बिघडू लागलेल्या पोरांना नेऊन कैद्यांकडून दम देण्याचा प्रकार सुरू झाला आणि फार गाजला. नंतर अशा उपक्रमांची रीतसर तुलना करून पडताळणी झाली तेव्हा निघालं ते उलटंच: दम खाऊन आलेल्या मुलांनी, न नेलेल्या मुलांपेक्षा पुढं जास्त गुन्हे केले. काहीही न करणं त्यापेक्षा बरं ठरलं असतं. शिवाय या पोरानं एकदा पोलीस घरात शिरताना बघितलेत. तुमच्या भावाचा हेतू चांगला आहे, त्याला हेच काम द्या की त्यानं महिन्यातून एका रविवारी पोराला घेऊन पन्हाळ्याला जावं. आणि उद्या खरोखरच पोलिसांपर्यंत काही गेलं तर लक्षात ठेवा: २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा जेलात ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. हे इतर पालकांनीही माहीत करून घ्यावं, घाबरून कुणाच्या तरी ‘सेटिंग’च्या नादी लागण्यापेक्षा.

निवासी शाळेला माझा सरसकट विरोध नाही. काही मुलांना घरापेक्षा तिथं स्वस्थता मिळते. पण आई गेली, बाप गेला, आणि आता काका-काकूंनी पाठवून दिलं, हे तिसरं जाणं असेल. तो त्याचा अर्थ शिक्षा असाच लावणार. शिवाय ‘सुधारण्यासाठी’ पोरं गोळा केलेल्या जागांचा एक धोका आहे: उपद्रवी मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांची हुशारी शिकतात. यंदा तरी नको. पुढच्या वर्षी त्यानं स्वतः मागितलं, सैनिकी शाळा म्हणा, क्रीडा प्रबोधिनी म्हणा, तर वेगळी गोष्ट.

तालमीचं मला आवडतं, आणि कोल्हापुरात राहून ते नाकारायचं धाडसही नाही. पण तालीम बघताना माती बघू नका, वस्ताद बघा. पहाटे पोरांना उठवून जोर-बैठका मारून घेणारा, खुराक विचारणारा, शाळेचा निकाल बघणारा वस्ताद असेल तर पोराला हवा असलेला एक भरवशाचा पुरुष मिळेल. संध्याकाळी बाहेरच्या कट्ट्यावर कोण बसतं तेही बघा. तिथं मोठी पोरं गाड्या लावून नुसती टाइमपास करत असतील, मंडळाच्या नावानं वर्गणी काढत असतील, तर तिथं कुस्तीपेक्षा बाकीचंच आधी शिकेल. त्याचे वडीलही तालमीत जायचे म्हणता. कोणत्या कट्ट्यावर बसायचे, ते मालकांना विचारा. पायात फुटबॉल रमत असेल तर तोही चालेल, निकष तेच.

आणि या सगळ्याबरोबर एकदा तज्ज्ञाला दाखवा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं. ‘वेड लागलंय म्हणून नेताय का’ असं तो विचारेल. सांगा की सात वर्षांत जे झालं ते एकट्यानं सोसलंस, त्याबद्दल बोलायला माणूस हवा म्हणून. जन्म सातव्या महिन्यात झाल्याचं, आईच्या माराचं, लहानपणी डोक्याला कधी लागलं असेल तर ते, सगळं डॉक्टरांना सांगा. डोळे, कान, रक्तातलं हिमोग्लोबिन, झोप, वाचताना अडखळतो का, हेही तपासून घ्या. वर्गात न कळणाऱ्या मुलाला वांड ठरवणं फार सोपं असतं. आणि कुणी त्याला आत्ताच ‘सोशिओपॅथ’ वगैरे शिक्का मारला तर ऐकू नका. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान अठरा वर्षांच्या आत करतच नाहीत.

वाट न बघता जायचं कधी? मुकी जनावरं मुद्दाम छळणं, आगी लावणं, हत्यार जवळ ठेवणं, रात्रभर घराबाहेर राहणं, दुसऱ्याला दुखवून त्याबद्दल काहीच न वाटणं, स्वतःला इजा करणं, धाकट्या मुलांना एकटं गाठणं. यातलं एक जरी दिसलं तर त्याच आठवड्यात, आणि तोवर धाकट्या भावंडांना त्याच्याबरोबर एकटं सोडू नये. असलं मूल घरात असलेल्या इतर वाचकांनाही हेच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. आईबाप नसलेल्या किंवा बाप तुरुंगात असलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या घरांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. तुम्ही सात वर्षं कुणाकडं काही मागितलेलं दिसत नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर चिडू नका. त्यांचा मुलगा आत आहे, आणि ‘रक्त’ म्हटलं की ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न त्यांना स्वतःला विचारावा लागत नाही. पण रक्त म्हणायचं तर ते त्यांच्या दोन्ही मुलांत सारखंच आहे. एकाच पोटचे दोघे. धाकटा कळंब्याला आहे आणि थोरला रोज शिरोलीला वितळलेल्या लोखंडापुढं उभा राहून दोन घरांची पोरं पोसतोय. हे त्यांना तुम्ही ऐकवू नका, मालकांनी सांगावं, आणि मग त्यांना एक काम द्यावं. पोराचा बाप लहानपणी कसा होता, काय खायचा, कशाला घाबरायचा, पहिली कुस्ती कधी मारली, हे नातवाला सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. मालकांना रात्रपाळी असेल तो आठवडा त्यासाठी बरा. दुकान बंद झाल्यावर बेरजा चालू असताना त्यांनी तिथंच पोत्यावर बसावं.